गाण्यातले पाचशे आणि दगडावरची नावे



मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाला बारावीतला एक मुलगा हिरमुसला होऊन आला. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भीमा कोरेगावचा विषय निघाला होता. याने लिहिले, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापून काढले. समोरच्याने विचारले, कुठल्या पुस्तकात आहे? याने उत्तर म्हणून एका गाण्याची लिंक पाठवली. मग ग्रुपवर नुसते हसे झाले. वर्ग संपल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, आपले गाणे खोटे आहे का?"

मी त्याला घाईत काहीतरी समजावले आणि घरी पाठवले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो त्याच्या एकट्याचा नाही. दर जानेवारीत आपली शेकडो मुले याच जागी अडतात. काही चिडून शिवीगाळ करतात, काही गप्प बसतात. दोन्ही प्रकारांत हरतो आपणच. म्हणून हे जरा सविस्तर उत्तर.

आधी लढाई समजून घेऊ. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला पेशव्यांचा पराभव झाला आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. दुसरा बाजीराव फौज घेऊन फिरत होता. डिसेंबरच्या शेवटी तो पुन्हा पुण्याच्या रोखाने येतो आहे अशी खबर आली, तेव्हा पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरच्या छावणीकडे कुमक मागितली. 31 डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. त्याच्यासोबत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या एका पलटणीचे सुमारे 500 शिपाई होते, अडीचशेच्या वर घोडेस्वार होते आणि दोन तोफा घेऊन मद्रास तोफखान्याचे 24 गोरे गोलंदाज होते. सगळे मिळून आठशेच्या पुढे माणसे. रात्रभर चालून सकाळी ती कोरेगावजवळ पोचली तेव्हा भीमेच्या पलीकडे पेशव्यांची फौज दिसली. इंग्रजांच्या अंदाजाप्रमाणे 20,000 घोडदळ आणि 8,000 पायदळ.

स्टॉन्टनने गाव गाठले. ही सगळी 28,000 माणसे गावावर तुटून पडली नाहीत. हल्ला केला तो पायदळाच्या तीन तुकड्यांनी. त्यांत अरब, गोसावी आणि मराठे होते आणि त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती. दिवसभर गल्लीबोळांत लढाई चालली. एक तोफ हातची गेली, ती पुन्हा झुंजून परत मिळवली. बाजीराव फुलगावच्या बाजूने पाहत होता. रात्री हल्ला थंडावला. जनरल स्मिथची मोठी फौज मागून येते आहे या धास्तीने पेशव्यांनी तळ हलवला. कंपनीची 275 माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पेशव्यांचे नुकसान इंग्रजांच्या अंदाजाने पाचशे-सहाशेचे. स्टॉन्टन पुण्याला पोचलाच नाही, तो उरलेली माणसे घेऊन शिरूरला परतला. पेशवाई त्या दिवशी संपली असेही नाही. 20 फेब्रुवारी 1818 ला अष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमला शरण गेला, तेव्हा ती संपली.

आता गाण्यातले आकडे या माहितीशेजारी ठेवा. 500 हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. ती पलटणीच्या शिपायांची संख्या आहे. फक्त त्या पलटणीत महारांबरोबर इतर जातिधर्मांचे शिपाईही होते. 28,000 हाही आकडा मनाने रचलेला नाही. तो समोर उभ्या असलेल्या एकूण फौजेचा अंदाज आहे. फक्त तेवढे सगळे लढले नाहीत आणि मेले तर मुळीच नाहीत. शाहिराने दोन खरे आकडे घेतले आणि आमनेसामने उभे केले. "कापून काढले" हे क्रियापद मात्र त्याचे स्वतःचे. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: गाणे खोटे नाही, पण गाणे म्हणजे लढाईचा अहवालही नाही.

मग ते काय आहे? यासाठी या लढाईची आठवण कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली ते पाहिले पाहिजे.

ती सर्वांत आधी कंपनीच्या हातात होती. 1821 मध्ये इंग्रजांनी पेरण्याच्या हद्दीत स्तंभाची पायाभरणी केली. तो स्तंभ त्यांनी आपल्यासाठी बांधलेला नव्हता. कंपनी सरकारचा विजय मिरवण्यासाठी बांधला होता. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. 49 नावे. त्यांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. रामनाक येसनाक. रूपनाक लखनाक. मुलाचे नाव आणि पुढे बापाचे नाव. ज्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, असे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये लिहिले आहे, त्या पुण्यापासून काही कोसांवर एका महाराचे आणि त्याच्या बापाचे नाव दगडात कोरले गेले. कंपनीच्या कारकुनाने हजेरीपटावरून उतरवले असेल, त्याच्या मनात काही क्रांती नसेल. तरीही ते कोरले गेले. उरलेल्या नावांत मराठे आहेत, इतर हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलीही आहेत.

नंतर ही आठवण अर्जात आली. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या जिवावर पश्चिम हिंदुस्थान जिंकला त्यांनाच लढवय्ये नाहीत म्हणून बाहेर काढले. पलटणीचे दार बंद झाले म्हणजे पगार गेला, पेन्शन गेली, आणि पलटणीच्या शाळेत मिळणारी अक्षरेही गेली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर हवालदार होते. त्यांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली. पुढे 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. पूर्वजांनी गाजवलेले शौर्य हा या अर्जांचा आधार होता. म्हणजे कोरेगाव आपल्या तोंडी आले ते प्रथम गाणे म्हणून नव्हे. ते पुरावा म्हणून आले, हक्क मागण्यासाठी.

1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब स्तंभाजवळच्या सभेत बोलले. धनंजय कीरांनी चरित्रात त्या भाषणाचा जो सार दिला आहे तो आपल्यातल्या प्रत्येकाने वाचावा. बाबासाहेबांनी तिथे इंग्रजांची आरती ओवाळली नाही. आमची माणसे तुमच्या बाजूने लढली आणि तुम्ही उलट आम्हालाच बिगरलष्करी ठरवलेत, हा कृतघ्नपणा आहे, असा त्यांचा रोख होता. महार इंग्रजांच्या पलटणीत का गेले, याचेही उत्तर त्यांनी दिले: सवर्णांनी कुत्र्यामांजरासारखे वागवले आणि पोट भरायला दुसरा मार्ग ठेवला नाही म्हणून. शेवटी त्यांनी भरतीवरची बंदी उठवायला लावा, त्यासाठी चळवळ करा, असे सांगितले. "तुम्ही इंग्रजांचे हस्तक" असे जे आज आपल्याला ऐकवले जाते त्याला जवळपास शंभर वर्षांपूर्वीच, त्याच जागेवर उभे राहून उत्तर दिले गेले आहे. 1930 मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेतही त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की तुमच्या राज्यात आमची विहीर आणि आमचे देऊळ मोकळे झाले का. आणि भरतीचे दार शेवटी उघडले. 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

तिसरा हात शाहिराचा. सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा जन्मला. नाशिककडे भीमराव कर्डकांनी जलसा गावोगाव नेला. नंतर वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने वस्त्या जाग्या राहिल्या. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरात गाणे होते. शाळेच्या इतिहासाच्या धड्यात कोरेगाव शोधून सापडत नव्हते, तेव्हा ते जयंतीच्या मंडपात होते, लग्नाच्या आदल्या रात्रीच्या भीमगीतांत होते, पुढे कॅसेटमध्ये आले, आता मोबाइलमध्ये आहे.

गाणे युद्ध जिवंत करते म्हणजे नेमके काय करते? पुस्तक सांगते, "ते लढले." गाणे सांगते, "आपण लढलो." एवढ्या एका सर्वनामात सगळा फरक आहे. कोरसमध्ये शंभर माणसे एकदम ध्रुपद धरतात तेव्हा दिवसभर बिगारी करून आलेला माणूस रामनाकाचा वंशज होतो. ज्याच्या आज्याने मेलेली जनावरे ओढली, ज्याच्या आजीला पाण्यासाठी कुणीतरी वरून ओतेल याची वाट पाहत विहिरीपाशी थांबावे लागले, त्याला गाणे प्रथमच सांगते की तुझ्या घराण्याची आठवण फक्त मार खाण्याची नाही. गाण्यातली "28,000" ही संख्या मेलेल्यांची मोजदाद नाही. ती समोरच्या सत्तेचा आकार आहे. आपण किती थोडे होतो आणि ते किती होते, हे सांगण्याची ती रीत आहे. जातीच्या उतरंडीखाली जगणाऱ्याला हा आकार रोजच जाणवतो. म्हणून तो आकडा त्याला लगेच पटतो.

म्हणून मी असे म्हणतो: भीमा कोरेगावचे गाणे हा 1818 चा पुरावा म्हणून कच्चा आहे. पण आपण केव्हापासून आणि कशासाठी ताठ उभे राहायला लागलो, याचा तो पक्का पुरावा आहे. तो आपल्या चळवळीचा दस्तऐवज आहे.

इथे कुणी म्हणेल, इतिहास म्हणजे इतिहास, त्यात भावनेला जागा नाही. त्यांना एक विचारावेसे वाटते. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाचा पोवाडा आहे, सिंहगडावर तुळशीदासाचा आहे. त्यांत अतिशयोक्ती नाही काय? पोवाडा तसाच असतो. पण 1891 मध्ये अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी हे पोवाडे गोळा करून छापले तेव्हा ते मराठीचे वैभव ठरले. इतिहासाच्या अभ्यासकांनी ते खोटे म्हणून फेकले नाहीत. त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे त्यांनी ठरवले. ज्योतिरावांनी 1869 मध्ये शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला तो याच रूपाची ताकद ओळखून. राजा कुळवाड्यांचा आहे हे सांगायला त्यांनी जाडजूड बखर नाही, पोवाडा निवडला. मग सवर्णांचा पोवाडा वैभव आणि आमचे भीमगीत अफवा, हा न्याय कुठला?

पण मित्रांनो, हा युक्तिवाद करून मी थांबणार नाही, कारण तो आपल्याला फार सोयीचा आहे. त्यांच्यातही अतिशयोक्ती आहे म्हणून आमच्यात चालेल, असे म्हणणे म्हणजे त्यांच्याच मापाने स्वतःला मोजणे झाले.

2018 च्या जानेवारीत आनंद तेलतुंबडे यांनी लेख लिहून या लढाईभोवती मिथक तयार झाले आहे, असे सांगितले. महार शिपाई जातिअंतासाठी नव्हे, नोकरी म्हणून लढले, असा त्यांचा मुद्दा होता. त्या दिवसांत आपल्या माणसांवर हल्ला झाला होता, जखम ओली होती, त्यामुळे लेखावर प्रचंड राग निघाला. त्यांच्या मांडणीशी मी सगळ्या बाबतींत सहमत नाही. शिपाई पगारासाठी लढला हे खरे, पण तो त्याच पलटणीत का शिरला, याचे बाबासाहेबांनी दिलेले उत्तरही तितकेच खरे आहे. भाकरी आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ज्याला दोन्ही सहज मिळतात त्यालाच वाटते. तरीही तेलतुंबडेंचा एक प्रश्न आपण टाळू शकत नाही: मिथकावर उभी राहिलेली अस्मिता किती दिवस टिकेल? व्हॉट्सअॅपवरच्या एका प्रश्नाने जर आपला बारावीतला मुलगा कोसळत असेल, तर त्याच्या पायाखाली आपण नुसते गाणे ठेवले, वीट ठेवली नाही, हा दोष आपला.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की ऐकत आलो म्हणून, परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. आपण दर रविवारी विहारात हे ऐकतो. मग हा नियम फक्त वेद-पुराणांना लावायचा आणि आपल्या गाण्याला नाही? बाबासाहेबांनी शूद्रांवर लिहिताना, अस्पृश्यांवर लिहिताना पानोपानी पुरावे मांडले. त्यांचे अनुयायी म्हणवताना आपण 49 नावे वाचायचाही कंटाळा करायचा?

आणि खरे सांगू का, तपासून पाहिले की गोष्ट लहान होत नाही. उलट ती अंगावर येते. एकच तपशील घ्या. रात्रभर चालून आलेले ते शिपाई 1 जानेवारीला दिवसभर अन्नाशिवाय आणि पाण्याशिवाय लढले. बाजूला भीमा वाहत होती आणि तिच्यापर्यंत पोचता येत नव्हते. रात्री हल्ला थंडावला तेव्हा कुठे पाणी मिळाले. पाणी समोर आहे आणि मधे पेशवाई आहे. याहून मोठे रूपक कुठल्या कवीला सुचले असते? आणि याच जागी 1927 च्या पहिल्या तारखेला उभे राहून गेलेला माणूस 20 मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो. अवघ्या 78 दिवसांनी. मी आजवर ऐकलेल्या कोरेगावच्या गाण्यांत ही तहान मला भेटलेली नाही. तलवारी खूप भेटल्या.

आपल्या शाहिरांना माझे हेच मागणे आहे. शाहिरी फुकट मिळालेली नाही. एल्गार परिषदेच्या प्रकरणात 2020 च्या सप्टेंबरमध्ये कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना अटक झाली. गाण्याला घाबरणारी सत्ता आपण पाहिली आहे. एवढी किंमत मोजून जे गायचे, ते कुणी एका प्रश्नात उडवून लावू नये असे भक्कम असले पाहिजे. 28,000 कापल्याचे गाणे डीजेवर वाजेल आणि विसरले जाईल. पण रूपनाक लखनाक कोण होता, त्याच्या बायकोला ती खबर कधी आणि कशी कळली असेल, ज्या कंपनीसाठी तो मेला तिच्याच वारसांनी त्याच्या पणतवाला भरतीच्या रांगेतून का हाकलले, हे गायले तर ऐकणारा घरी जाऊन विचार करेल. स्तंभावर एकाही बाईचे नाव नाही. ती बाई गाण्यात तरी आणा. मराठे, मुसलमान, बेने इस्रायली शिपाईही तिथेच पडले. त्यांची नावे घेतल्याने आपले 22 कमी होत नाहीत. उलट "तुम्ही जातीय तेढ पसरवता" म्हणणाऱ्याची बोलती बंद होते.

कार्यकर्त्यांनाही एक सुचवतो. आमच्या वस्तीत या वर्षी आम्ही ठरवले आहे की 1 जानेवारीला पेरणे फाट्याला निघण्यापूर्वी विहारात आधी त्रिशरण-पंचशील, मग एका मुलीने किंवा मुलाने ती 49 नावे मोठ्याने वाचायची, आणि मग गाणी. खर्च काही नाही, दहा मिनिटे लागतील. गाडीत गाणी लावायचीच आहेत. फक्त गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला 500 म्हणजे काय आणि 28,000 म्हणजे काय, हे माहीत असले पाहिजे.

त्या बारावीतल्या मुलाला मी नावे वाचायला सांगितले आहे. तो म्हणाला, "सर, ग्रुपवर आता काय लिहू?" मी म्हटले, लिही की माझा आकडा चुकला होता, दुरुस्त करतो, आणि त्याखाली ती 22 नावे टाक. त्याने टाकली. उत्तर कुणाचे आले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपमधल्या एका मराठा मुलाने त्याला वेगळा मेसेज करून विचारले की बाकीच्या 27 जणांची नावे आहेत का तुझ्याकडे.

जयभीम!